आमच्या बागेतला खुला मंच पाडावा की ठेवावा?

सदाफुली

मंडळी, जरा मतं हवी आहेत.

आमच्या घरामागे महापालिकेची बाग आहे. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वॉर्डातली निम्मी जनता इथे वाचनमात्र आहे.) बागेच्या टोकाला खुला रंगमंच आहे. तीनेक फूट उंच ओटा, मागे भिंत, वर पत्रा, समोर अर्धगोलात सिमेंटच्या पायऱ्या. उद्घाटनाला भावगीतांचा कार्यक्रम झाला होता म्हणे. आता तिथे सकाळी हास्यक्लब, दुपारी पत्त्यांचा अड्डा, संध्याकाळी रील काढणारी मुलं. वर्षातून एकदा दिवाळी पहाट. आणि अधूनमधून कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस, त्या दिवशी आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात.

आता मंच पाडून ओपन जिम आणि सेल्फी पॉइंट करायचा प्रस्ताव आलाय. हरकती-सूचना मागवल्या आहेत. सोसायटीत सरळ दोन तट पडलेत. मला वाटतं ठेवावा, पण "ठेवून करायचं काय?" असं कोणी विचारलं की मी गप्प. तुमच्याकडे असे मंच आहेत का? चालतात का? चालत असतील तर कशाच्या जोरावर?

मिरचीचा_ठेचा

सेल्फी पॉइंटवर 'आय लव्ह अमुकनगर', मधे लाल बदाम, आणि खाली संकल्पना व सौजन्य: भाऊ. एवढं मात्र लिहून घ्या.

तिसरा_मजला

पाडा. बिनधास्त पाडा.

मी पुण्यात अशाच एका मंचासमोर राहतो. सुरुवातीला आम्हालाही कौतुक होतं. मग शनिवारी कराओके सुरू झालं. एकच गाणं एका संध्याकाळी तीन जण म्हणतात, प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी चुकतो. आमच्याकडे दहावीचा मुलगा आहे, सासरे आजारी आहेत. तक्रार केली की "संगीताचा तिटकारा आहे का तुम्हाला?" असं ऐकावं लागतं. नाही हो, संगीताचाच पुळका आहे म्हणून तर त्रास होतो. ज्यांना मंच हवाय त्यांनी आमच्या गॅलरीत येऊन महिनाभर राहावं, जेवणखाण आमच्याकडे.

निळी_शाई

तिसरा_मजला, हसून हसून पुरेवाट! जेवणखाणाची ऑफर अजून आहे ना?

कट्टेकरी

सदाफुलीताई, ठेवा.

बागेत बँड वाजवायची प्रथा इंग्रजांची, हे खरं. पण उंचावर बसून सगळ्या गावासाठी वाजवायचं हे आपल्याकडे नवं नाही. नगारखाना म्हणजे दुसरं काय? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आजही नगारखान्याची माडी उभी आहे. चौघडा वर झडायचा आणि ऐकणारा खाली आपापल्या कामात असायचा. तिकीट नाही, खुर्ची नाही, "आता टाळ्या वाजवा" नाही. त्याला ठरलेला प्रहर होता. लोक चौघड्यावर वेळ ओळखायचे. तुमच्या मंचाचं दुखणं मला तिथे दिसतं. त्याला वेळच नाही. कधीही काहीही होतं, किंवा काहीच होत नाही.

फोर्टातला_कारकून

मुंबईकरांच्या वतीने हजेरी. कूपरेजचा बँडस्टँड १८६७ चा. ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, फुटबॉलच्या मैदानाजवळ. आमच्या लहानपणी तो 'घोड्यांची बाग' म्हणूनच माहीत होता. घोड्यावर एक फेरी आणि मग कुल्फी. मधला तो सुबक छपराचा ओटा कशासाठी आहे हा प्रश्न कधी पडलाच नाही. नंतर त्याची रीतसर डागडुजी झाली, छान दिसतो आता.

आणि वांद्र्याचं बँडस्टँड तर असं की नाव राहिलं आणि बँड गेला. तिथे रविवारी जमणाऱ्या शंभर जणांना विचारा, बँड कुठे वाजायचा? सगळे एका सुपरस्टारच्या बंगल्याकडे बोट दाखवतील.

मिरचीचा_ठेचा

बँड तिथेच वाजतो, गाडी पार्क करायला गेलं की.

टेम्सकाठचा_टिळक

लंडनहून लिहितोय. हाइड पार्कमधला बँडस्टँड १८६९ चा, आधी तो केन्सिंग्टन गार्डन्समध्ये होता, १८८६ मध्ये उचलून इकडे आणला. क्लॅपम कॉमनवरचा १८९० चा. दोन्ही अजून उभे आहेत.

पण गंमत त्याच्याही आधीची आहे. १८५५ मध्ये केन्सिंग्टन गार्डन्समध्ये रविवारी लष्करी बँड वाजवायला सुरुवात झाली. कामगाराला सुट्टी एकच, रविवार. त्याने गुत्त्यात न जाता बायकामुलांसह बागेत यावं, हा हेतू. लोकांनी तुफान गर्दी केली. मग धर्ममार्तंड उठले, रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी बँड कसला? कॅन्टरबरीच्या आर्चबिशपनी गळ घातली आणि १८५६ मध्ये पंतप्रधान पामर्स्टननी रविवारचे बँड बंद केले. लोक चिडले, वर्गणी काढून दुसऱ्या बागांमध्ये खासगी बँड लावले.

म्हणजे तिसरा_मजला विरुद्ध कराओके हा सामना पावणेदोनशे वर्षं चालू आहे, फक्त देवाच्या जागी दहावी आलीय.

दुसऱ्या महायुद्धात इथल्या बागांमधली लोखंडी कुंपणं, कठडे भंगारात गेले, त्यात काही बँडस्टँडही गेले. पुढे टीव्ही आला, बरेचसे ओस पडले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून अनेकांची दुरुस्ती झाली. पण मी पाहिलंय, दुरुस्तीनंतर जिवंत राहिले ते ज्यांच्यामागे 'फ्रेंड्स ऑफ अमुक पार्क' छापाचं एखादं चिवट मंडळ आहे. बाकीचे रंगवलेले रिकामे.

तिसरा_मजला

टिळकसाहेब, मला आर्चबिशप केल्याबद्दल आभारी आहे. घरी कळवतो.

डेसिबलदादा

साउंडचं काम करतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी नियम. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागातल्या बागेच्या कुंपणाशी दिवसा ६५. रात्री बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस देऊ शकतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं. शिवाजी पार्क २०१० मध्ये हायकोर्टाने शांतता क्षेत्र ठरवलं ते याच नियमांखाली. आणि हो, साडेपाचला माइकवर सुरू होणारी दिवाळी पहाट पहिला अर्धा तास नियमाबाहेर असते. तेवढा वेळ कोणी मोजत नाही, कारण पोलिसही फराळाला आलेले असतात.

आता आवाजाचं. उघड्यावर भिंती-छत नसतात, त्यामुळे आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. जुने बँडस्टँड बघा: उंच जोतं, अष्टकोनी किंवा गोल ओटा, वर छप्पर. छपराखाली लागलेला आवाज वाया न जाता खाली-बाजूला फेकला जातो, आणि लोक चारही बाजूंनी ऐकतात. पितळी वाद्यांना एवढं पुरतं. सदाफुलींच्या मंचाला मागे भिंत आहे, म्हणजे आवाज एकाच दिशेला जाणार. ती दिशा कोणती, हा पहिला प्रश्न. समोर बिल्डिंग असेल तर तुम्ही थेट तिच्या बेडरूममध्ये गाताय.

दुसरा प्रश्न, मंचाचं तोंड पश्चिमेला आहे का? असेल तर संध्याकाळी गाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. मी असे मंच पाहिलेत जिथे तबलजी टोपी घालून बसतो.

आणि शेवटचं. एवढ्याशा बागेला दोन-दोन टॉप (वरचे) आणि चार-चार बास (घुमणारे) स्पीकर कशाला? खरा त्रास बासचा आहे. तो भिंतीतून येतो, खिडकी लावून थांबत नाही. बास काढा, दोन छोटे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ ठेवा, तक्रारी निम्म्या होतील.

सदाफुली

डेसिबलदादा, तोंड पश्चिमेलाच आहे! आणि समोर सी विंग. आता कळलं सी विंग एकजात विरोधात का आहे ते.

शिकागोचा_शंकर

दादांनी स्पीकर जवळ ठेवायचं म्हटलं त्यावरून. इथे मिलेनियम पार्कमध्ये प्रिट्झकर पॅव्हिलियन नावाचा खुला मंच आहे, २००४ मध्ये सुरू झाला, वास्तुरचनाकार फ्रँक गेरींचं काम. समोर चार हजार खुर्च्या, मागे हिरवळीवर आणखी सात हजार लोक. हिरवळीवर डोक्यावरून लोखंडी नळ्यांची भलीमोठी जाळी गेलीय, आणि स्पीकर त्या जाळीला टांगलेत. मागच्या स्पीकरना आवाज किंचित उशिरा सोडतात, त्यामुळे तो मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. प्रत्येकाच्या डोक्यावर थोडाथोडा आवाज, म्हणून कुठेच फार मोठा नाही.

त्या बागेत उंच इमारत बांधायला शंभरेक वर्षांपासून मनाई आहे. मग हा एवढा उंच मंच कसा झाला? कागदोपत्री ती इमारत नाहीच, 'कलाकृती' आहे! आपल्याकडचे बिल्डर उगाच बदनाम.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हलची. मंदीच्या काळात, १९३५ मध्ये सुरू झाला, वादकांनाही काम हवं होतं. अजून दर उन्हाळ्यात चालू आहे, आणि हिरवळीवर फुकट. पूर्ण सिम्फनी, आणि शेजारी कोणीतरी डबा उघडून बसलेलं. आम्ही थेपले नेतो.

निळी_शाई

मराठी माणूस थेपले नेतो? धपाटे कुठे गेले?

शिकागोचा_शंकर

बायको बडोद्याची आहे हो.

कमाटीबाग

बडोद्याचं नाव निघालं म्हणून आलेच! माझा आयडीच बघा. सयाजीबाग १८७९ ची, आम्ही कमाटीबागच म्हणतो. तिथे बँडस्टँड आहे, अजूनही. सयाजीरावांच्या राज्यात गाण्याबजावण्यासाठी स्वतंत्र खातं होतं, कलावंत कारखाना. गायनशाळा १८८६ ची, गायक मौलाबक्षांची. म्हणजे बागही राज्याची, वाजवणारेही राज्याच्या पगारावर आणि पुढचे वाजवणारे तयार करणारी शाळाही राज्याचीच. आपण नुसता ओटा बांधतो आणि म्हणतो, कलाकार येतील. कुठून येतील?

मांडवीकाठ

कमाटीबागताईंशी शंभर टक्के सहमत. पणजीत चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनात, म्हणजे गार्सिया द ओर्ता बागेत, बँडस्टँड आहे. पण गोव्यात संगीत टिकलं ते बँडस्टँडमुळे नव्हे. गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातून पिढ्यान् पिढ्या वाजवणारे निघाले. फेस्ताला गावचा बँड, आणि पुढे मुंबईत लष्करी बँड, हॉटेलं, सिनेमाचे ऑर्केस्ट्रा गोवेकरांनी भरले. वाजवणारे असले की झाडाखालीसुद्धा मंच होतो.

कराओकेवाली_आजी

मी वाचत होते. राहवलं नाही.

तिसरा_मजला, तुमच्या मंचावर नसेन, पण मी अशाच एका बागेत गाते. वय विचारू नका. नोकरी, संसार, सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण यात गळा उघडला नव्हता. निवृत्तीनंतर आम्ही काही जणींनी सुरू केलं. सुरात नसतो कधीकधी, माहीत आहे. पण हॉल घ्यायचा तर भाडं कोण देणार? घरी गायचं तर सून म्हणते, आई माझा कॉल चालू आहे. आमच्यातल्या एकीचे यजमान गेले, त्यानंतर ती घराबाहेरच पडत नव्हती. तिला दर शनिवारी तिथे ओढून नेलं. आता तीच सगळ्यांच्या आधी येऊन चटई टाकते.

साडेसातला बंद करतो. आवाज बारीक ठेवतो. कोणी येऊन नीट सांगितलं तर आणखी बारीक करू. पण आजवर कोणी नीट सांगायला आलं नाही, थेट पोलीस आले.

तिसरा_मजला

आजी, तुम्ही आमच्याकडच्या नाहीत हे नक्की, आमच्याकडे साडेसातला साउंड चेक असतो. तुमच्यासारखं साडेसातला संपलं तर मी स्वतः श्रोता म्हणून येईन. माझी तक्रार गाण्याबद्दल नाही, न संपण्याबद्दल आहे.

काळा_कोट

कायद्याची एक बाजू, कारण कोणीतरी लायसन्सचा बागुलबुवा दाखवेलच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर साहित्य, नाट्य किंवा संगीताची कृती सादर केली तर ते उल्लंघन धरलेलं नाही. म्हणजे आजी पेटीवर जुनं गाणं म्हणत असतील आणि तिकीट नसेल, तर त्या पक्क्या सुरक्षित. पण हे कृतीबद्दल आहे, ध्वनिमुद्रणाबद्दल नाही. कराओकेचा तयार ट्रॅक लावला की तो सरळ या कलमात बसत नाही. फुकट सल्ला आहे, तेवढ्याच किमतीचा समजावा.

डेसिबलदादा

म्हणजे कायदासुद्धा सांगतोय, पेटी-तबला घ्या!

पखवाजी_पांडू

पेटी-तबल्यावरून आमची गोष्ट. आमचं भजनी मंडळ बागेतल्या ओट्यावर एकादशीला बसतं. माइक नाही. पखवाज आणि वीस टाळ, माइकची गरजच काय? एकदा पखवाजाच्या डाव्या पुडीला कणिक लावून ठेवली आणि बुवा चहा घ्यायला गेले. बागेतलं कुत्रं आलं, कणिक चाटूनपुसून खाल्ली, वर पुडीही जिभेने साफ करून ठेवली. बुवा आले, थाप मारली तर 'धूम'च्या जागी 'टण'. त्या दिवसापासून कणकेचा एक जादा गोळा कुत्र्यासाठी असतो. आता ते शेवटच्या पसायदानापर्यंत बसतं, नगरसेवक एवढं बसत नाहीत.

निळी_शाई

हसून हसून गडाबडा लोळले! या धाग्याची वाचनखूण साठवली.

कब्बनप्रेमी

बंगळुरात कब्बन पार्कात अष्टकोनी बँडस्टँड आहे, लालबागेतही एक आहे. सकाळी आम्ही काही मराठी मंडळी फिरायला जातो. अवांतर: इथे बागेत बसून गुणगुणलं तर पहारेकरी शिट्टी मारतो आणि कोपऱ्यात शंभर जण झुंबा करतात त्याला चालतं. धोरण कोणी समजावून सांगेल का?

मिरचीचा_ठेचा

झुंबाचा आवाज जास्त असतो, त्यात त्याची शिट्टी ऐकू येत नाही.

ओपनजिमवाला

सगळे गाण्यात रमलेत म्हणून उलटी बाजू मांडतो. आमच्या बागेत मंच पाडून ओपन जिम झाली आणि ती रोज वापरात आहे. सकाळी म्हातारी माणसं, संध्याकाळी पोरं. महिन्यातून एकदा गाणं होणाऱ्या ओट्यापेक्षा रोज वापरली जाणारी सायकल बरी नाही का? जागा सगळ्यांची आहे, फक्त संगीतवाल्यांची नाही.

कट्टेकरी

ओपनजिमवाला, मुद्दा रास्त आहे. पण जिमला एका माणसापुरती जागा लागते, ती कुंपणाच्या कडेनेही बसते. दोनशे माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतील अशी पायऱ्यांची जागा वॉर्डात दुसरी कुठे आहे? एकदा गेली की पुन्हा कोणी बांधणार नाही. आणि तुमच्याकडची ती सायकल अजून फिरते का, की पेडल निघालंय?

ओपनजिमवाला

एका सायकलचं निघालंय.

टेम्सकाठचा_टिळक

फक्त एका?

ओपनजिमवाला

बरं, दोन.

सदाफुली

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वाचून काल मी, सी विंगचे सेक्रेटरी काका आणि हास्यक्लबचे दोघे असे जाऊन मंच नीट बघून आलो. स्विचबोर्डाचं झाकण गायब, आत वायरींना दुधाची पिशवी गुंडाळलेली. मीटरच नाही. म्हणजे आजवरचे सगळे कार्यक्रम जनरेटरवर झाले आणि तो सी विंगच्या खिडकीखाली लागायचा! काका म्हणाले, मला गाण्याचा राग नाही, त्या धुराचा आहे. हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

हरकतीचं पत्र असं लिहिलंय: मंच ठेवावा. जिम मागच्या कुंपणालगत बसवावी, तिथे जागा आहे. मंचाला वीजजोडणी द्यावी, जनरेटरला बंदी. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, ठरलेला, भाऊंचा वाढदिवस असला तरी. शक्यतो माइकशिवाय. माइक लागलाच तर दोन छोटे स्पीकर, बास नाही. बुकिंगची वही बागेच्या माळ्याकडे न ठेवता पाच जणांच्या समितीकडे, त्यात सी विंगचा एक माणूस हवाच. काका तयार झालेत, अट एकच, पहिल्या शनिवारी नाट्यगीतं.

आमच्या भागातली एक शाळा बँड पथक पाठवायला तयार आहे, भजनी मंडळही आहे. पण तोंड पश्चिमेला आहे त्याचं काय करायचं?

डेसिबलदादा

दोन गोष्टी. ओट्याच्या पश्चिम कडेला बांबूच्या चौकटीवर चटया गुंडाळून ठेवा. ऊन उतरेपर्यंत तिरक्या सोडायच्या, मग वर घ्यायच्या. गाणारा दिसायला हवा, म्हणून निम्म्याच सोडा. नाहीतर सरळ उलटं करा, लोकांना ओट्यावर बसवा आणि गाणाऱ्याला पायऱ्यांच्या तळाशी, तोंड पूर्वेला. लहान कार्यक्रमाला छान चालतं आणि आवाज मागच्या भिंतीवर जाईल, सी विंगकडे नाही. शाळेच्या बँडला मात्र हे करू नका, ट्रम्पेट त्या भिंतीवर आपटून सगळ्यांचे कान जातील.

तिसरा_मजला

पत्राचा मसुदा इथे टाका ना ताई. आमच्याकडेही हेच द्यायचंय, फक्त साडेसात हा आकडा ठळक अक्षरात.

कराओकेवाली_आजी

सदाफुली, पहिल्या शनिवारी डासांचं बघा. कापूर नाही चालत, धूप लावा. आणि पायऱ्या रात्री गार पडतात, घरून चटई आणायला सगळ्यांना आधीच सांगा.

पखवाजी_पांडू

कुत्री आहेत का बागेत? कणिक जास्त आणू.